तक्रार क्रमांक तीन

आमच्या शेजारचं घर दोन वर्षं रिकामं होतं आणि ती दोन वर्षं मी अतिशय सुखात काढली. बुऱ्हाणपुरात इतवाऱ्यातल्या शाळेत एकतीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवल्यावर माणसाला शेजारी नको असतो, शेजार हवा असतो. जैनाबादेत तो मला मिळाला होता. नदीपलीकडचा बाजाराचा गलका इकडे येत नाही, आणि शेजारच्या अंगणात दुपारी फक्त पाली फिरायच्या. त्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं.

मागच्या वर्षी एप्रिलात तिथे भास्कर कडू आले. वय साठ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. जन्म अमरावतीकडचा, पण नोकरी इथूनच अर्ध्या तासावरच्या एका कागद मिलमध्ये झालेली, आणि राहणं चौतीस वर्षं मिलच्या कॉलनीत. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच गृहस्थ स्वतःच्या घरात राहायला आले होते. सामानाचा ट्रक दारात उभा होता आणि हे हातात यादी घेऊन एकेक वस्तू उतरताना तिच्यापुढे खूण करत होते. झाडू दोन, बादल्या तीन, पाट चार. त्यांच्या बायकोला, चंद्रभागाबाईंना, त्या यादीत घेतलं होतं की नाही, मला दिसलं नाही.

त्याच गडबडीत चंद्रभागाबाई कुंपणाच्या भिंतीशी आल्या आणि पत्रा कापायची कात्री आहे का म्हणून विचारलं. ओळख नाही, पाळख नाही, आणि पहिली मागणी पत्र्याच्या कात्रीची. माझ्याकडे होती, मी दिली. तासाभरात त्यांनी ती पुसून परत केली. कशाला हवी होती ते मी विचारलं नाही, कारण विचारलं की बोलणं वाढतं.

घर काही वाईट नव्हतं. एका कापड व्यापाऱ्यानं चाळीस वर्षांपूर्वी बांधलेलं, पुढे ओटा, त्यापुढे अठरा फुटांचं अंगण, मग फाटक. स्लॅब दोन ठिकाणी गळत होता, खिडक्यांचे गज गंजले होते आणि न्हाणीतलं पाणी मनाला येईल तिकडे जायचं. व्यापारी इंदूरला मुलाकडे निघून गेले होते. घर ताब्यात घेताना कडूंनी त्यांच्याकडून रीतसर हस्तांतरणाची यादी करून घेतली होती. पंखे तीन, पैकी एक आवाज करणारा. नळ चार. काचा सतरा, पैकी दोन तडकलेल्या. खाली दोघांच्या सह्या. व्यापाऱ्यानं हसत हसत सही केली, म्हणे. मी असतो तर मीही हसलो असतो. पण ती यादी कशासाठी होती हे कळल्यावर माझं हसू ओसरलं. घर सोडताना सगळं आहे तसं परत देता यावं म्हणून ती होती. परत कोणाला द्यायचं, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता.

याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. मिलच्या कॉलनीत कोणाचा नळ गळला, दार फुगलं, स्लॅब पाझरला की तो माणूस सिव्हिल सेक्शनला जाऊन रजिस्टरात तक्रार लिहायचा. त्या रजिस्टरामागे चौतीस वर्षं भास्कर कडू बसले होते. तक्रारीला क्रमांक द्यायचा, नियम तपासायचा, शेऱ्याच्या रकान्यात 'विचाराधीन' लिहायचं आणि साहेबांपुढे ठेवायचं. 'मंजूर' हा शब्द फक्त साहेबांचा. त्या शब्दाला कडूंच्या पेनानं कधी हात लावला नव्हता. हे त्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

तर तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी भिंतीवरून पाहिलं, आणि ओट्यावर टेबल, टेबलावर जाड रजिस्टर, रजिस्टरामागे कडू. रकाने आखलेले. अनुक्रमांक, दिनांक, तक्रार, शेरा, मंजुरी, काम पूर्ण झाल्याची सही. समोर चंद्रभागाबाई उभ्या. पहिली तक्रार, स्लॅब गळणे. दुसरी, न्हाणीचं पाणी तुंबणे. तिसरी बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिली, कारण नियमच तसा होता, तक्रारदारानं स्वतः लिहायचं. लिंबाचं झाड जमिनीत लावणे.

ते लिंबाचं झाड कमरेएवढं होतं आणि गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात होतं. अंगणाच्या उजव्या कोपऱ्यात भिंतीपासून चार हातांवर तो डबा पहिल्या दिवसापासून बसला होता.

कडूंनी नियम पाहिला. कॉलनीच्या नियमाप्रमाणे कोणतंही झाड भिंतीपासून दहा फुटांच्या आत लावायला बंदी. अंगण अठरा फुटी. दोन्ही बाजूंनी दहा दहा फूट सोडल्यावर झाडाला लावायला उणे दोन फूट जागा उरत होती. त्यांनी गंभीरपणे लाल पेनानं 'विचाराधीन' लिहिलं.

पण पुढे वेगळीच पंचाईत झाली. मंजुरीच्या रकान्यात सही कोण करणार? अवकाळी पावसानं स्लॅबखाली बादल्या लागलेल्या, पंडित मिस्त्री तुकईथडहून येऊन ओट्यावर बसलेले, आणि काम सुरू होईना, कारण साहेब नाहीत. शेवटी कडू माझ्याकडे आले. तुम्ही राजपत्रित होता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, पण हेडमास्तरीणबाई बाळंतपणाच्या सुट्टीवर गेल्या तेव्हा अकरा दिवस प्रभारी होतो. तेवढं पुरे, असं ते म्हणाले.

असा मी शेजाऱ्याच्या घराचा मंजुरी अधिकारी झालो. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मजा आली. दर सोमवारी कडू रजिस्टर घेऊन यायचे, उभे राहायचे, मी पानं चाळायचो, भुवया उंचवायचो आणि सही ठोकायचो. माझी बायको निर्मला चहा आणून ठेवायची आणि माझ्याकडे असं पाहायची की माझं अधिकारीपण चहाबरोबर घशात अडकायचं. स्लॅब मंजूर. न्हाणी मंजूर. गज मंजूर. रंग मंजूर.

रंगानं कहर केला. रंगाऱ्यानं कोणता म्हणून विचारलं आणि कडूंच्या तोंडून मिलच्या क्वार्टरांचा पिवळा निघाला. मग दारावर काळ्यात नंबर टाकायचा का, असंही त्यानं विचारलं. चौतीस वर्षांची सवय, कडूंनी आपल्या क्वार्टरचाच नंबर सांगितला. बी-४७. आमच्या गल्लीत ए कुठे नाही, बी कुठून येणार? पोस्टमन तीन दिवस पत्रं हातात घेऊन फाटकाशी विचार करत उभा राहिला.

पिवळी भिंत, काळा नंबर, ओट्यावर टेबल, टेबलामागे खिशाला दोन पेनं लावलेला माणूस. व्हायचं तेच झालं. एक म्हातारबा चपला फाटकाशी काढून आत आले आणि चौकातला हँडपंप बंद आहे म्हणाले. कडू उठून सांगू शकले असते की बाबा, हे माझं घर आहे. पण रजिस्टर उघडं होतं आणि तक्रारदार समोर होता. त्यांनी क्रमांक अकरा दिला, चिठ्ठीवर लिहून दिला. चौथ्या दिवशी हँडपंप सुरू झाला. तो कसा झाला ते मला माहीत नाही, कडूंनाही नाही. पण गावात बातमी गेली की आहूखान्याच्या, म्हणजे जुन्या बादशाही हरणबागेच्या, रस्त्यावर पिवळं ऑफिस उघडलंय आणि तिथे चिठ्ठी मिळते. पुढच्या आठवड्यात गटार आली, दिव्याचा खांब आला, एका बाईनं सासूची तक्रार आणली. कडूंनी सगळ्यांना क्रमांक दिले. लोक चिठ्ठी घडी करून खिशात ठेवायचे आणि समाधानानं जायचे. खऱ्या ऑफिसात त्यांना तेवढंही मिळत नसावं.

या सगळ्यात तक्रार क्रमांक तीन तशीच होती. माझ्यासमोर ती कधी आलीच नाही. जी नियमात बसत नाही ती साहेबांपुढे ठेवायचीच नाही, हा कडूंचा धर्म. चंद्रभागाबाई मात्र दर महिन्याच्या एक तारखेला रजिस्टरापुढे येऊन लिहायच्या, तक्रार क्रमांक तीनबाबत स्मरण. कडू दर महिन्याला लाल पेनानं 'विचाराधीन' लिहायचे. मे, जून, जुलै. जुलैत झाडाला नवी पालवी फुटली, ऑगस्टात फुलं आली. तेव्हा कडूंनी शेऱ्यात भर घातली की झाडाची प्रकृती डब्यात समाधानकारक आहे, सबब घाई नाही. हा शेरा त्यांनी मला वाचून दाखवला होता. भाषा चांगली आहे, असं मी म्हणालो होतो.

हे चाललंय ते निर्मलेला बघवत नव्हतं. एका दुपारी ती त्यांच्याकडे बसून आली आणि घरात शिरताच तिनं मला खडसावलं. मग तिनं सगळं सांगितलं. हे त्यांचं पहिलं लिंबू नव्हतं. कॉलनीत, त्याच बी-४७च्या मागे, चंद्रभागाबाईंनी एक लिंबू जमिनीत लावलं होतं. चांगलं डोक्याच्या वर गेलेलं, फळं धरलेली. भिंतीपासून सहा फुटांवर. पाच वर्षांपूर्वी तपासणी येणार होती. कडूंनी स्वतःच्या घराविरुद्ध स्वतःच तक्रार लिहिली, क्रमांक दिला, साहेबांपुढे ठेवली, आणि मंजूर झाल्यावर सेक्शनची माणसं येऊन झाड तोडून गेली. मिलनं त्यांना प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र दिलं. ते आताही त्यांच्या बैठकीत आहे, पण जमिनीवर भिंतीला टेकून उभं, कारण भिंतीत खिळा ठोकायला बंदी. त्या झाडाच्या शेवटच्या लिंबातली बी बाईंनी डब्यात पेरली होती. तेव्हापासून त्या नवऱ्याला त्याबद्दल एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

आणि घरात अजून तेवीस खोकी सुतळीनं बांधलेली होती. निर्मलेनं मोजली. बाईंना कपबश्या काढायच्या होत्या, पण कडू म्हणत, राहू दे, उद्या घर खाली करायला सांगितलं तर पुन्हा बांधायला लागतील. घराचं खरेदीखत त्यांच्याच कपाटात होतं. मला राग आला. नंतर कळलं की रागाखाली थोडी भीतीही होती, कारण मीही त्या माणसाला दर सोमवारी सही देत होतो.

डिसेंबरात अंगणाची पाळी आली. त्यासाठी बुऱ्हाणपुरातून स्वप्निल नावाचा तरुण आला. स्वतःला लँडस्केपवाला म्हणवायचा, नर्सरीपेक्षा त्याच्या मोबाइलमध्येच जास्त हिरवळ होती. त्यानं कडूंना स्क्रीनवर चित्रं दाखवली आणि समजावलं, "अंकल, पूरा पेव्हर मारू, बीच में आर्टिफिशियल लॉन, कोपऱ्यात एक हिरन. पाणी नाही, कटिंग नाही. एकदम नो मेंटेनन्स."

आयुष्यभर मेंटेनन्स सेक्शनमध्ये बसलेल्या माणसाला यापेक्षा गोड शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. कडूंचा चेहरा उजळला. ज्या गवताला मूळच नाही ते भिंतीपासून दहा फुटांत आलं तरी कोण काय म्हणेल? आणि ज्या गावात एकेकाळी बादशहांनी खरी हरणं पाळली, त्या गावात सिमेंटचं हरीण आणायची कल्पना स्वप्निललाच सुचावी. लिंबाचा डबा गच्चीवर हलवायचं ठरलं. सोमवारी रजिस्टर माझ्यापुढे आलं. अंगणात पेव्हरच्या फरश्या बसवणे, डबा गच्चीवर हलवणे.

मी सही केली. आठ महिन्यांच्या सवयीनं केली, वाचून केली, आणि निर्मला समोर उभी असताना केली. ती त्या दिवशी चहा न देताच आत गेली. ती सही मला अजून टोचते.

जानेवारीत एका सकाळी पेव्हरची गाडी आली. पंडित मिस्त्रींनी जमीन सारखी करायला घेतली, स्वप्निल मोबाइल धरून मधोमध उभा, कडू ओट्यावर रजिस्टरासह. मी भिंतीशी होतोच, मंजुरी अधिकाऱ्यानं कामाची पाहणी करायला हवी ना. चंद्रभागाबाई दारात उभ्या होत्या. हातात भाजीची परात होती आणि भाजी निवडणं थांबलं होतं. 

मिस्त्री डब्याशी गेले, वाकले, दोन्ही हातांनी कडा धरल्या. डबा हलला नाही. पुन्हा जोर लावला. झाडाची पानं थरथरली, डबा जागचा हलेना. मिस्त्रींनी गुडघ्यावर बसून बुडाशी बोटं घातली, थोडी माती उकरली आणि मान वर केली.

"साहेब, हे उचलत नाही राहिलं," ते म्हणाले. "याला बूडच नाही. यानं कवाच्या मुळ्या सोडल्या खाली."

स्वप्निल म्हणाला, काही नाही, एक कुऱ्हाड मारली की सुटतं. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते कडूंकडे पाहत होते. मला एकदम माझी कात्री आठवली.

कडू ओट्यावरून उतरले. डब्याजवळ आले, वाकून पाहिलं. डब्याचा खालचा पत्रा चारही बाजूंनी कापलेला होता, नीट, सरळ रेषेत. त्यातून बोटाएवढी जाड मुळं मातीत गेली होती. 

मग बायकोकडे न पाहता त्यांनी विचारलं की हे कधी झालं. बाईंनी सांगितलं, आलो त्याच दिवशी. तुम्ही ट्रकपाशी यादीवर खुणा करत होता तेव्हा. कडूंना सगळं कळायला वेळ लागत होता. ते हळू आवाजात म्हणाले, "मग दर महिन्याला रजिस्टरात कशाला लिहीत होती?"

चंद्रभागाबाईंनी परात खाली ठेवली.

"झाडासाठी नव्हती लिहीत," त्या म्हणाल्या. "झाड तर लागलंच होतं. तुमी एकदा तरी हो म्हणता का, ते पाहून राहिली होती मी."

 स्वप्निलनं मोबाइल खिशात घातला, त्याला तेवढी अक्कल होती. मला वाटलं कडू आता नियम सांगतील, सहा फुटांचं लिंबू आणि चार हातांचं लिंबू यातला फरक सांगतील. ते ओट्यावर गेले. रजिस्टराची पानं मागे मागे उलटली, थेट पहिल्या पानापर्यंत. निळं पेन काढलं. मी भिंतीवरून हात पुढे केला, सहीसाठी. खरंच केला, इतका मी त्या खुर्चीत मुरलो होतो. कडूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मंजुरीच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं. एकच शब्द होता, पण त्याला इतका वेळ लागला की पंडित मिस्त्रींनी तोवर तंबाखू मळून घेतली. मग कडूंनी स्वतःची सही केली, तारीख घातली, आणि रजिस्टर बायकोपुढे धरलं, काम पूर्ण झाल्याच्या सहीसाठी.

बाईंनी ओल्या हातानं सही केली. शाई थोडी पसरली. कडूंनी ते टिपून घेतलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तो माणूस पसरलेली शाई टिपल्याशिवाय पान उलटत नसे. त्यांचे डोळे भरले होते. मी भिंतीपासून दूर झालो, कारण तिथे माझं आता काही काम नव्हतं.

पेव्हर बसले, पण उजवा कोपरा सोडून. मिस्त्रींनी तिथे विटांचं गोल आळं केलं आणि डब्याचा राहिलेला पत्रा कापून काढला. स्वप्निल कुरकुरला की डिझाइन बिघडलं, हरणाला जागा राहिली नाही. हरीण शेवटी फाटकाबाहेर बसवलं, आणि हँडपंपवाले म्हातारबा आता त्याला टेकून बसतात. लोक अजूनही चिठ्ठ्या मागायला येतात. कडू त्यांना सांगतात की साहेब सुट्टीवर गेले. ते माझ्याबद्दल बोलत असतात हे मला कळतं, आणि मी आतून दार लावून घेतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी कडू स्वतः भिंतीशी आले. गेल्या नऊ महिन्यांत ते रजिस्टराशिवाय आलेले मी पहिल्यांदा पाहत होतो. हात रिकामे होते, त्यांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं.

"मास्तर, ती कात्री द्याल का?" ते म्हणाले. "खोकी सोडायची आहेत."

पत्र्याची कात्री सुतळीला लागत नाही, घरातली विळीसुद्धा पुरते.  तरी मी ती काढली, पुसली, आणि भिंतीवरून त्यांच्या हातात दिली.